एलिसेओमामांच्या मिरचीचं बी

लास क्रुसेस, फेब्रुवारी

तीर्थरूप एलिसेओमामा,

आधी आशीर्वाद मागते, मग लिहिते. तुमच्या गुडघ्याला उतार असावा आणि खेचर पुन्हा पाटात उतरलं नसावं. इथे आई आणि मी ठीक आहोत. तुमची मिरची ठीक नाही.

गोठ्यातली बियाण्याची पिशवी उंदरांनी फस्त केल्यावर लाल मिरच्यांची शेवटची माळ तुम्ही माझ्याकडे पाठवलीत, कारण मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आजीची मिरची तुमच्याकडे आता तेवढीच उरली होती, हे मला माहीत होतं, म्हणून मी पद्धतशीर वागले. (हा शब्द पुढेही लक्षात ठेवावा.) माळ जराशी दमट होती. बी काढण्याआधी ती सावलीत, धूळ न बसता सुकायला हवी होती, आणि माझ्या घरात अशी बंदिस्त जागा एकच आहे: ओव्हन. तो मी कधी पेटवत नाही. मिरच्या माळेतून सोडवून ट्रेमध्ये पसरल्या, आत सरकवल्या, दार किलकिलं ठेवलं आणि कामावर गेले.

आई त्याच दिवशी न कळवता आली. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ओव्हनमध्ये ट्रेभर लाल मिरच्या दिसल्या, तर ती एकच समजेल: रश्श्यासाठी भाजायला ठेवल्यात आणि पोरगी पेटवायला विसरली. आईनं पेटवला. संध्याकाळी जिन्यातच वास आला. तो इतका चांगला होता की मला सगळं कळलं. "एवढी शिकलीस, पण ओव्हन पेटवायला आईच लागते," आई म्हणाली. मी बिया कुठे आहेत विचारलं. "कचऱ्यात. बियांनी रस्सा कडू होतो, आजीनं एवढंही नाही शिकवलं?"

मी त्या कचऱ्यातून वेचल्या. (आईनं हे पाहिलं आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत माझं नाव घेतलं.) धुऊन ओल्या कागदात गुंडाळल्या, पिशवीत घालून उबेला ठेवल्या. मिरचीच्या बीला ऊब लागते हे खरं, पण भाजणं वेगळं. बाकी सगळ्यांना बुरशी आली. एक मात्र उगवलं. मी ते कुंडीत लावलं, आईला फोन केला, आई रडली. पुढची पानं फुटली तेव्हा तो टोमॅटो निघाला. (कचऱ्यात टोमॅटोही होता. हे मी धरून चालायला हवं होतं.)

रस्सा उत्तम झाला होता. हे सांगणं बरं दिसत नाही, पण खोटं लिहिणं मला जमत नाही.

तुमची भाची,
निएवेस

ता. क. बी अजून आहे. आजीनं युफेलियामावशीलाही लग्नात तेच दिलं होतं. पाण्याच्या पाळीवरून तुम्ही सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलंत, तरी ती ते दरवर्षी लावते, तुमच्याच कुंपणापलीकडे. मी तिला फोन केला. बी द्यायला तयार आहे, पण माझ्या हाती नाही. "त्याला म्हणावं, स्वतः ये. टोपी काढून." तेव्हा याच आठवड्यात जावं. आत्ता घरात रोपं टाकली नाहीत, तर यंदाचा हंगाम गेला.

आणखी एक. कुंपण इतकं जवळ आहे की मधमाश्यांनी तुम्हा दोघांची मिरची केव्हाच एक करून टाकली असणार. हे मी मावशीला समजावून सांगितलं. ती मग म्हणाली, "तरीच माझी अलीकडे बिघडलीय."