कानात सांगितलेलं नाव

पनवेल
१० मे २०१२

प्रिय स्नेहा,

तुला आणि पाच दिवसांच्या त्या पाहुण्याला पोटभर आशीर्वाद. तुझ्या आई-बाबांना नमस्कार. कंबर शेकून घेतेस ना? डिंकाचे लाडू तोंड वाकडं करून का होईना, पण खा. तुझ्या आईला हे सगळं माझ्याहून जास्त कळतं, पण सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही.

पनवेल ते पेण एसटीचा तासाभराचा रस्ता, फोन दोघींच्याही उशाशी, आणि ही बाई पत्र काय लिहीत बसली आहे, असं तुला वाटलं असेल. फोनवर मी काहीतरी गंमत करते आणि वेळ मारून नेते, हे तुला चांगलं माहीत आहे. कागदावर तसं करता येत नाही. करून बघितलं, दोन कागद फुकट गेले. भरत मुंद्र्याहून येतोच आहे, त्याच्या हाती दिलं असतं, पण माझा भाऊ पाकीट गाडीतच उघडेल. म्हणून पोस्टाने.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कुरडया उलटत होते. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तू म्हणालीस, ''ताई, सोळा तारखेला बारसं आहे. नाव तुम्हीच सुचवा, तुमच्या वहीतलं. आणि कानात तुम्हीच सांगायचं.'' मी 'बरं, बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. मग कुरडया तशाच ठेवून वही काढून बसले. त्या दिवशी कावळ्यांनी निम्मा घाणा खाल्ला.

आधी नावांचं सांगते. अथर्व नको, हात जोडते. शाळेतली नोकरी सोडली तरी प्रवेशाच्या वेळी ऑफिसात मला अजून मदतीला बोलावतात. या वर्षी पहिलीच्या अर्जांत सात अथर्व आहेत. बाईंनी हाक मारली की अख्खा बाक उभा राहणार. वेदांत चार, आरव पाच. कौस्तुभ मला आवडतं, पण पोराला स्वतःचं नाव लिहिता येईपर्यंत तिसरी उजाडेल. पुष्कर चांगलं आहे, फक्त आळीतली पोरं त्याचं काय करतील याचा विचार कर. मिहीर नावाचा भरतला न्हावा शेव्याला एक साहेब होता, त्यामुळे ते बाद. माझ्या मनातलं विचारशील तर निरंजन. हाक मारायला थोडं लांब आहे, पण रागाने हाक मारायला जावं तर शेवटच्या अक्षरापर्यंत राग उतरतो. तुला न पटलं तर सांग, वहीत मुलांची अजून दोनशे दहा आहेत.

तू या वहीला नेहमी हसायचीस. लोक तिकिटं जमवतात, तुझे भाऊजी कर्नाळ्याला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढतात (निम्म्या फोटोंत नुसती फांदी असते), तशी मी नावं जमवते. शाळेच्या रजिस्टरातली, लग्नपत्रिकांवरची, पेपरातल्या श्रद्धांजलीतलीसुद्धा. लग्न झालं त्या वर्षी, एकोणनव्वद साली, सुरुवात केली. तेव्हा ती गंमत नव्हती, गरज होती. पुढे मुंबईच्या दवाखान्यांच्या फेऱ्या झाल्या, पाच वर्षं झाल्या, आणि मग आम्ही दोघांनी जायचं थांबवलं. वही मात्र चालूच राहिली. नातेवाइकांत कुणाकडे पाळणा हलला की नावासाठी मला विचारायचे. मीही हौसेने सांगायचे.

त्या वहीतलं एकच नाव ह्यांच्या अक्षरात आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही स्कूटरवरून शिरढोणला ह्यांच्या मित्राकडे गेलो होतो. परत येताना वाटेत कलिंगड खायला थांबलो आणि हे एकदम म्हणाले, ''मुलगी झाली तर इरावती.'' घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्यांनी ते वहीत लिहिलं. मी ते नाव कधी कुणाला सुचवलं नाही. चुलत नणंदेने वही चाळताना तेच उचललं, तर 'ते दिलंय एकीला' असं खोटं सांगून सोडवून घेतलं.

आता तुला कळलंच असेल मी कुठे चालले आहे. पण तुला वाटतंय तेवढंच ते नाही.

दोन हजार दहाचा जून आठव. बालवाडीच्या बाईंनी तुला गेटवर विचारलं, ''ही इरावती कोण? माझ्या हजेरीत नाही, आणि ही मुलगी तर तेच नाव सांगते.'' तू तशीच रिक्षा करून माझ्याकडे आलीस. बँकेतून सुट्टी घेतली होतीस, हातात तिची पाण्याची बाटली होती. ''ताई, माझ्या मुलीला स्वतःचं नाव माहीत नाही!'' असं म्हणालीस आणि दारातच रडायला लागलीस. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ''अगं, लाडाचं नाव आहे. घरोघरी असतं. एवढं काय?''

पुढच्या महिन्यात भरतने मुंद्र्याच्या बंदरातली नोकरी घेतली. मी सगळ्यांना सांगितलं, पगार जास्त आहे तिकडे.

आणि परवा तू फोनवर म्हणालीस, ''मी तेव्हा उगाच ताणलं, ताई. लाडाचं नाव तर होतं. माझ्या मुलीला तीन वर्षं तुम्ही सांभाळलंत, आणि मी तुमच्यापासून तोडलं तिला.'' तू माझी माफी मागितलीस, स्नेहा. त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कारण तू ज्याची माफी मागत होतीस, ते मी तुला सांगितलेलं खोटं होतं.

ते लाडाचं नाव नव्हतं. मी ते तिच्या कानात सांगितलं होतं. बारशाला. सगळ्यात आधी.

दोन हजार सात, तुमचीच पेणची ओटी. तू काठापदराची हिरवी साडी नेसून पाळण्याशी बसली होतीस. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करून बाळ पाळण्याखालून-वरून फिरवून झालं, पाळण्यात ठेवलं. मी वाकले. नाव तुम्ही दोघांनी ठरवलं होतं, मला दहा वेळा बजावलं होतं, मला ते आवडलंही होतं. मागे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, तुझी चंद्रावती मावशी तर सगळ्यांत जोरात. बाळाचा कान इतका मऊ होता. मी 'कुर्रर्र' केलं आणि माझ्या तोंडून 'इरावती' गेलं. चुकून गेलं असं म्हणायला मला फार आवडेल. पण एकदा नाही, तीनदा सांगायचं असतं, आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. मग उभी राहिले आणि तुम्ही ठरवलेलं नाव मोठ्याने जाहीर केलं. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या.

बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, हा मान तुम्ही मला दिलात. आत्या काय सांगते ते कुणी ऐकायला जात नाही, कारण आत्यावर तेवढा भरवसा असतो. मी नेमका तोच मोडला. ह्यांनी तेव्हा फोटो काढला होता. मी वाकलेली, बायकांचे हात वर, आणि तू माझ्याकडे बघून हसते आहेस. तो फोटो अल्बमात लावायचं मी अजून टाळते.

माझ्या मनात काय होतं? वाईट नव्हतं, एवढंच सांगते. अठरा वर्षं ते नाव वहीत पडून होतं आणि समोर आमच्या घरातली एक मुलगी होती. ते एकदा कुणाच्या तरी कानात पडावं, एवढंच वाटलं. तेवढ्यावर थांबले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण तुझी बँक सुरू झाली आणि ती रोज सकाळी साडेनऊला माझ्या घरी यायला लागली. दार लावलं की ती माझी इरा व्हायची. संध्याकाळी सहाला तू आलीस की पुन्हा तुमची. तिला पहिलं पाऊल टाकताना बघितलं तेही मीच. तुला दुसऱ्या दिवशी म्हटलं, ''आज बहुतेक चालेल हं ती,'' म्हणजे पहिल्यांदा बघितल्याचं सुख तुला मिळावं. बघ, तेवढं तरी मला सुचलं होतं.

तुझ्या एक लक्षात आलं असेल. या पत्रात मी लेकीचं नाव अजून एकदाही लिहिलेलं नाही. बारशाला जाहीर केलं त्यानंतर परवापर्यंत, पाच वर्षांत, ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही. तुमच्यासमोर मी तिला 'बाळ', 'पोरी', 'चिमणे' म्हणायचे. तुम्हाला वाटायचं, काय ही आत्या, किती जीव लावते.

हे सगळं मी तुला आता तरी का सांगते आहे? समोरच्या ब्लॉकमधल्या नूरुन्निसाला गेल्या आठवड्यात नातू झाला. मी बघायला गेले होते. तिचा आदिल बाळाच्या कानाशी तोंड नेऊन अजान देत होता. घर कसं शांत झालं होतं. नंतर चहा देताना ती म्हणाली, ''आमच्यात असं मानतात बाई, बाळाच्या कानात पहिलं जे जातं ना, ते पाक असलं पाहिजे. म्हणून माणूस पण नेक बघून उभा करायचा.'' ती आपली सहज बोलली. मी कप तसाच ठेवून घरी आले.

आणि दुसरं कारण परवाच्या फोनचं आहे. तू शेवटी लेकीला फोन दिलास. ती म्हणाली, ''तू पनवेलवाली आत्या ना? मम्मी सांगते तुझ्याबद्दल.'' किती स्वच्छ बोलते गं! आणि माझी खोड बघ. एवढं सगळं होऊन, तू दोन मिनिटांपूर्वी माझी माफी मागितलेली असून, मी हळूच म्हटलं, ''इरा, ओळखलंस का मला?''

ती म्हणाली, ''कोण इरा?''

दोन वर्षं मी त्या एका आशेवर होते. कुठेतरी तिला ते आठवत असेल, कुणी हाक मारली तर वळून बघेल. ''मी ऋजुता आहे,'' ती म्हणाली, समजावून सांगितल्यासारखी, ''ऋजुता भरत.'' तुझ्या हातात फोन परत गेला तेव्हा मी 'बरं, बरं' म्हटलं ते त्यामुळे.

हे खुर्चीत कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते. त्यांनी ऐकलं. 'इरा' ही हाक त्यांना माहीत होती, कानातलं माहीत नव्हतं. मी सांगून टाकलं. वाटलं होतं, 'जाऊ दे' म्हणतील, नेहमी म्हणतात. कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाले, ''मला विचारायचं तरी होतंस. मीही जपलं होतं ते.'' स्नेहा, तेवीस वर्षांच्या संसारात मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, मूल नसल्याचं दुःख माझं आणि ह्यांना आपले फोटो. मी वही आणून त्या नावावर रेघ मारायला गेले, तर हात धरला. ''राहू दे. पण आता कुणाला देऊ नकोस.''

त्यांची माफी मागून झाली. आता तुझी मागते. मी तुला फसवलं, आणि पकडले गेले तेव्हा पुन्हा फसवलं. तुझा राग बरोबर होता. मुलगी तू तोडली नाहीस, माझ्या करणीने तुटली. भरतलाही हे वाचून दाखव, मला त्याच्या तोंडावर सांगायचा धीर नाही.

आता सोळा तारखेचं तू ठरव. भरतची चुलत बहीण नीता आहे, तीही बाळाची आत्याच लागते, आणि ती सांगितलेलं नाव सांगेल याची खात्री मी देते. तिला पुढे कर. मी मागे बायकांत उभी राहीन आणि तिच्या पाठीत धपाटे घालीन, तेवढ्यासाठी बोलावलंस तरी पुष्कळ झालं. येऊच नका म्हणालीस, तर मी शिवलेली कुंची भरतबरोबर पाठवून देईन आणि रुसणार नाही. आणि हे सगळं वाचूनही मलाच वाकायला सांगितलंस, तर एक कर. माझं तोंड बाळाच्या कानाशी असेल तेव्हा तुझाही कान तिथे असू दे. रीत नाही म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

मला यायचं आहे, स्नेहा. फार यायचं आहे. नव्या बाळासाठी यायचं आहेच, पण त्या पाच वर्षांच्या बाईंना भेटायला जास्त. तिला माझी आठवण नाही हे एका परीने बरं झालं. मी तिच्यासमोर बसेन, तिला विचारीन, तुझं नाव काय गं? ती सांगेल. आणि मी तिला त्या नावाने हाक मारीन. गेले दोन दिवस स्वयंपाकघरात एकटी असताना म्हणून बघते आहे. जड जातं, पण जमेल. वर लिहिलं ते तिच्या तोंडचं; माझं म्हणून आज पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे,

ऋजुताची आत्या