उन्हात वाळत घातलेलं

भवानी पेठ, सोलापूर
दि. १९ एप्रिल २०२४

चि. महेश्वरीस अव्वाचा आशीर्वाद.

आमी सगळे बरे हावोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. तुझ्या अप्पांचा गुडघा सुजलाय. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय, ते बी भांडून भरायचं. तुझा फोन तुझा नवरा उचलतो, म्हणून चौथी शिकलेल्या हातानं कागद खरडायला घेतलाय. शेजारची मीनाबाई तुमच्या कुंभारीला बहिणीकडं चाललीय, ती तुझ्याच हातात देईल. गेल्या आठवड्यात तिनंच तुझा निरोप आणला. "अव्वाला सांगा, मला न्यायला ये."

त्याचं सांगते. आधी दुसरं सांगू दे.

ते कापडी पॅड आता वापरू नकोस. संक्रांतीला आलीस तवा तुझ्या मांड्या सोलून निघालेल्या. नवरा महिन्याला एकच पाकीट आणतो, एकच पॅड दिवसभर ठेवावं लागतं, म्हणलीस. आमी कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवतो, तिथले डागी टॉवेल फुकट मिळतात. त्याचेच सहा पॅड शिवून दिले, खाली फलालीन, बाजूला बटण. धुवून कडक उन्हात वाळव, ओलसर राहिलं की खाज सुटते, हे कारखान्यात आलेल्या नर्सबाईनं सांगितलेलं, तेच तुला दहादा सांगितलं. आग कमी झाली, तूच म्हणलीस. मला लई मोठेपणा वाटला.

मग त्या दिवशी मी तुझ्याकडं आले. मागच्या तारेवर तुझी साडी, आणि साडीखाली ते पॅड, ओलेच. माझं डोकं फिरलं. आपल्या लिंगायतांत गळ्यात लिंग बांधलेल्या बाईला विटाळ न्हाय, मग लपवायचं काय? साडी ओढली आणि सगळे पसरले उन्हात. तू चुलीपुढनं पळत आलीस. "अव्वा, नको, नको," म्हणून माझा हात धरलास. मी झटकला. तुझ्या तोंडाकडं बघायला मला सवड कुटं होती?

तेवढ्यात तुझी सासू कडब्याची पेंढी टाकून उभी राहिली.

"हे कुणाचं ओ, विहीणबाई?"

"माझ्या लेकीचं. मीच शिवलंय. कधी बघितलं न्हाय का?"

"लेकीला तर तिसरा महिना लागलाय की! पेढे वाटले आमी."

तीन वर्सं वांझ म्हणून ऐकून घेतलंस आणि मग खोटं बोललीस. चार दिवस तरी गप्प बसतील म्हणून. मला का न्हाय सांगितलंस गं? सांगितलं असतंस तर मी ते पॅड गिळले असते. पण सांगणार कशी. मी कुणाचं ऐकून घेते?

आणखी एक. गाडी चुकंल म्हणून मी निघाले, ते खोटं. कुंभारीहून घडीघडीला रिक्षा हाय. तुझ्या नवऱ्यानं तुला आत बोलवलं, आतनं कडी लागली, ते मी ऐकलं. आणि चप्पल घालून चालू पडले. मी. कारखान्याच्या मालकाच्या तोंडावर बोलणारी.

आता तुझं.

अप्पांना विचारलं. "आणून ठेवायची कुटं?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. तुझ्या भावाची, प्रभुलिंगची, सोयरीक ठरत आलीय. परत आलेली बहीण घरात दिसली तर मुलीकडचे मागं फिरतील म्हणतात. मी भांडले. तीन दिवस जेवले न्हाय. तर प्रभुलिंग म्हणाला, "अव्वा, तुझ्या तोंडानं तिचं घर मोडलं. आता माझं तरी बसू दे." मी उठले आणि ताट वाढून घेतलं.

मीनाबाईजवळ दुकानातली चार पाकिटं दिलीत. वापरलं की परसात पुरत जा, तारेवर काय दिसायला नको. मांड्या सोलतील. खोबरेल लाव. दुसरं काय सांगू? मुकाट्यानं रहा, असं मी जन्मात कुणाला सांगितलं न्हाय. ते बी आता लिहिलं.

वाट बघू नकोस. मी न्यायला येत न्हाय.

तुझी म्हणायला तोंड न्हाय, तरी
अव्वा