तिसरा माईक

सांतो दोमिंगो, बुधवार

प्रिय सोरी,

आईसाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला रोज आपण शेजारी गुडघे टेकतो, आणि तू सख्ख्या बहिणीकडे ढुंकूनही बघत नाहीस. म्हणून हे पत्र तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात खुपसतेय. रागाने फाडू नकोस, तुला आईची शपथ.

तुझा राग मला कळतो गं. आई जाऊन जेमतेम चार दिवस झाले होते. नऊ दिवस घरात रेडिओसुद्धा लावायचा नाही, तिथे गायचं कसं? पण टीव्हीवरचा पुरस्कार सोहळा कुणासाठी थांबतोय! तेव्हा तोडगा मीच काढला. तू नुसते ओठ हलवायचे आणि मी साउंडच्या टेबलावरून आई असतानाच्या तालमीचं रेकॉर्डिंग सोडायचं. मग आवाज पुढे आणि तुझे ओठ मागे, सगळ्या देशाने पाहिलं. आता लोक तुला लबाड म्हणतात. समितीने बजावलंय, शुक्रवारी आमच्यासमोर खरोखर गाऊन दाखवा, नाहीतर पुरस्कार परत करा. आणि तू सगळ्यांना सांगतेस, नेरेइदाने माझा घात केला, आता जन्मात गाणार नाही.

बाई गं, ते रेकॉर्डिंग वाजलंच नव्हतं. मी बटण दाबलं, यंत्र ढिम्म. तुझा माईक तर आपण ठरवून बंद ठेवलेला. मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, आणि तेवढ्यात आवाज आला. मला वाटलं, चाललं एकदाचं मेलं यंत्र. देवमातेचे आभारही मानले.

काल सकाळी प्रत्येक माईकचं रेकॉर्डिंग वेगवेगळं काढून ऐकलं. तुझ्या माईकवर काही नाही. एलादियोकाकांच्या माईकवर त्यांची गिटार, बस. पण स्टेजचा नकाशा आई असतानाच काढलेला, कोरसमधल्या तिच्या जागेसकट. स्टेज लावणाऱ्या पोरांनी तो बघून तिसराही माईक लावला आणि तो बंद करायला मी विसरले. सगळं गाणं त्याच्यावर आहे, सोरी. आधी घसा खाकरल्याचा आवाज आहे. मग प्रत्येक ओळ तालाच्या किंचित आधी उचललेली. आवाज हुबेहूब तुझ्यासारखा, पण तशी घाई आपल्या घरात कोण करायचं, सांग? मी सोहळ्याचं चित्रण चारदा पाहिलं. त्या माईकपाशी कुणीच नाही. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? कानांवरचे हेडफोन काढायचा धीर होईना. मग ढसाढसा रडले.

टाळ्या संपतात, तू मान खाली घालून आत जातेस, तेव्हा त्याच माईकवर एक वाक्य आहे. तिच्या नेहमीच्या वैतागलेल्या सुरात: सोरी, नुसतं तोंड काय हलवतेस? गा की! हे मी समितीला ऐकवणार नाही, ते आपल्या घरातलं आहे. उद्या नऊ दिवस पुरे होतात. परवा तू गा, साउंडला मी असेन. माईक दोन लावू की तीन, तेवढं फक्त कळव.

तुझीच,
नेरेइदा