सर्जाच्या पाठीवरचा वळ

बेंबळी, कार्तिक, सोमवार, फसली सन १३५३

सकाळी लिंगपूजा अर्धी सोडून उठलो आणि तिफणीला जुंपलेल्या सर्जाला चाबकानं मारलं. त्या मुक्या बैलानं काय केलं होतं? पाठीवर वळ उठला.

आमची पोर पावसाळ्यात तापानं गेली. तेव्हापासून माझी बायको गंगू चुलीपुढं रडत बसते. आई म्हणते, "सुनंला बाहेरचं झालंय. उद्या मांत्रिकाकडं न्यायचं." तो भूत उतरवायला छडीनं झोडतो. मी जेवत नाही, गड्यांवर ओरडतो, बैल मारतो, तर आई म्हणते, "बाप्या माणूस, तापायचाच." दुखणं एकच नव्हे का? मग छडी तिलाच का?

संध्याकाळी वळाला हळद-तेल लावत होतो. गंगू मागं येऊन उभी. "राग काढायला मुका जीवच घावला व्हय? मला झोडायला तर मांत्रिक हायच."

महादेवा, असा वळ उद्या तिच्या पाठीवर?

दिवेलागणीला आईला सांगितलं, "तिला न्यायचं न्हाय. न्यायचंच तर मला ने. मलाबी तेच झालंय."

आई लई बोलली. मी चुलीपाशी गंगूच्या शेजारी बसलो आणि आईदेखत रडलो.