नाशिकचे नियम, पणजीचे नियम आणि माझे अकरा भाचे

५ जानेवारी

ललितने नोटीस लावली! लिफ्टच्या दाराशेजारी, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून. ‘कुंभमेळा जवळ येत आहे. सोसायटीतील घरे दोन-चार दिवसांसाठी परक्या लोकांना देऊ नयेत. १८ तारखेच्या सभेत निर्णय होईल.’ नाव कुणाचंच नाही. पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये मागची खोली पाहुण्यांना देणारा माणूस एकच — अस्मादिक! चेअरमन झाल्यापासून हा ललित खोकतोसुद्धा ठराव मांडल्यासारखा.

माझ्या लेकीचा, आरोहीचा पणजीहून फोन. नोटिशीचं सांगितलं तर पोरगी खूशच झाली! “बघा नाना, म्हणून म्हणते, आता इकडे या. किती दिवस एकटे राहणार?”

एकटा कुठला? ही गेल्यावर दोन वर्षं घर खायला उठायचं, ते खरं. पण खोली सुरू केल्यापासून सकाळच्या चहाला कुणीतरी असतं. कुणी गडावर देवीला चाललेलं, कुणी द्राक्षांचे मळे बघायला. मला बरं वाटतं, एवढी साधी गोष्ट आहे.

पण शब्द देऊन बसलोय ना! मागच्या दिवाळीत तिला म्हणालो होतो, खोली बंद पडली की येईन तुझ्याकडे. तेव्हा काय माहीत ललित चेअरमन होणार!

६ जानेवारी

गेटवर केरू वॉचमनच्या वहीत ‘नातं’ असा एक रकाना आहे. पाहुणा आला की मी तिथे ‘भाचा’ लिहून मोकळा होतो. आज मोजले — अकरा! त्यात एक लुधियानाचा सरदार आणि एक कोलकात्याचा. केरू म्हणाला, “नाना, तुमाला बहिनी तरी किती हायेत?”

म्हटलं, मोठं खटलं आहे आमचं.

८ जानेवारी

आरोही आणि जावई अमित यांचा पणजीत एक जादा फ्लॅट आहे, तोही पाहुण्यांनाच देतात. म्हणून तिलाच तिकडचे नियम विचारले. ती ऐटीत म्हणाली, “आमच्याकडे सरळ काम आहे नाना. पर्यटन खात्यात नोंदणी करायची, पाहुण्यांची ओळखपत्रं ठेवायची. आमच्या शेजारच्या फ्लॅटचा मालक तर दिल्लीत असतो, आम्ही त्याचं तोंडही पाहिलेलं नाही.”

वहीचं पान उभं दुमडलं. डावीकडे पणजी, उजवीकडे नाशिक. परदेशी पाहुणा आला तर पोलिसांना कळवणं — दोन्हीकडे सारखं. नोंदणी — दोन्हीकडे. नाशिकच्या बाजूला फक्त एक ओळ जास्त भरली: ललित.

१२ जानेवारी

सरकारी कचेरीत जाऊन आलो. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी न्याहारी-निवास योजनेचा कागद दिला. उभ्या उभ्या वाचला आणि काय सांगू — उडीच मारायची बाकी होती! मालक त्याच घरात राहत असला पाहिजे म्हणे! म्हणजे सरकारच सांगतंय, निवृत्तीनाना, जागचे हलू नका!

परतताना मिसळ खाल्ली. झणझणीत. डॉक्टरांना सांगायचं नाही.

आरोहीलाही आत्ताच सांगायचं नाही. आधी सभा जिंकायची. हरलो तर खोली बंद, खोली बंद तर गोवा! तिथे मी काय करणार? समुद्राकडे बघत बसणार?

१४ जानेवारी

संक्रांत. ललितला तिळगूळ दिला, सोबत दोन शहरांचा तक्ता. तिळगूळ तोंडात टाकला, तक्ता घडी करून खिशात.

१८ जानेवारी

सभा!!

मी तक्ता वाचायला उठणार तेवढ्यात ललितने पिशवीतून काय काढावं? केरूची वही! आणि लागला मोठ्याने वाचायला. “हरप्रीत सिंग, लुधियाना. नातं — भाचा.” हशा. “सुब्रत घोष, कोलकाता. नातं — भाचा.” पुन्हा हशा. अकराच्या अकरा वाचले मेल्याने. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. संपलं म्हटलं, बांधा बोचकं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या कलाबाई उठल्या. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे, सभेत एरवी झोपतात. “भाचा म्हना नाय तर पाव्हना म्हना. त्या सरदाराच्या पोरानं माझ्या शेवंतीच्या बारा टोपल्या टेम्पोत चढवून दिल्या. चेअरमन, तुमी कदी एक तरी उचलली का?”

ललितने वही मिटली! मग मी तक्ता वाचला, खणखणीत आवाजात. हात वर झाले. मंजूर! अटी दोन — रीतसर नोंदणी करायची आणि यापुढे भाचे बंद.

खरी गंमत पुढेच. जिन्यात ललितने मला बाजूला घेतलं. “नाना, आमची पण एक खोली रिकामीच असते... तो फॉर्म कुठे मिळतो?”

तिसरं टेबल म्हटलं. मालक घरात राहत असला तर!

१९ जानेवारी

आरोहीला फोन केला. सभेचं सगळं रंगवून सांगितलं, ललितच्या खोकल्यासकट. हसली नाही. मग हुकमाचं पान काढलं — “आणि हे बघ, नियमच आहे, मालकाने घरातच राहायचं. माझा नाइलाज आहे!”

ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही येणारच नाही?”

“सरकारी नियम आहे बाई!”

“बरं.” आणि ठेवला फोन. एरवी अर्धा तास भांडली असती. दिल्या शब्दाची आठवणही करून दिली नाही. एकंदरीत आपण जिंकलो. साजूक तुपातला शिरा केला, कलाबाईंना वाटीभर दिला.

२१ जानेवारी

सकाळी मोबाइलवर खोलीचं बुकिंग आलं. नाव — आरोही. माणसं — एक. मुक्काम — तीन महिने. खाली लिहिलंय, ‘मालक त्याच घरात राहतात ना?’

फोन केला. नुसती रडत होती. अमित नोव्हेंबरपासून घरी नाही. मला बोलवत होती ते माझ्यासाठी नव्हतंच.

दुपारच्या बसचं तिकीट मिळालं. घराला कुलूप लावून निघतोय, तिला आणायला.