चूलबंद की घरटी एक

८ मार्च, रविवार
सकाळी पूजा उरकली आणि चहा न घेताच स्कूटर काढली. साडेसातला राजूशेठ केटररच्या गोडाऊनवर हजर. सकाळी लवकर गेलं की माणूस कमी घोळवतो. ते पातेली मोजून घेत होते. खुर्ची दिली. मी म्हटलं, मुलीचं लग्न, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी, आमच्या गावी, सोनगीरच्या पुढे. साधारण इतकी माणसं येतील.
"काका, माणसं नका सांगू. ताटं सांगा."
फरक विचारला. माणूस आला नाही तरी सांगितलेल्या ताटाचे पैसे लागतात. एकाने दोनदा ताट घेतलं तर ती दोन. शेवटी ताटं मोजतात, माणसं कोणी मोजत नाही.
पिंप्राळ्यात घरी येईपर्यंत तेच डोक्यात. गावात तर चुली मोजतात. 'चूलबंद' सांगितलं की अख्खं घर जेवायला, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. 'घरटी एक' सांगितलं की एकच माणूस. जिनिंगच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं काढली, पण एका जेवणाला तीन मापं असतील हे कधी सुचलं नव्हतं.
तीनशे ताटं बोलून आलो. इसार दिला.

११ मार्च, बुधवार
अश्विनीला लग्नानंतर नर्सिंगचं पुढचं शिकायचंय. नाशिकला, दोन वर्षं. जावयांची ना नाही, व्याह्यांचीही नाही. फी मी भरीन असं साखरपुड्यात मीच बोललो, सगळ्यांसमोर. बँकेत ठेव एकच. लग्न तिच्यातून, फीही तिच्यातूनच. लग्नात जे वाचेल ती पोरीची फी. इतकं सरळ आहे.
म्हणून आज एकेक गोष्ट घेऊन बसलो. फोटोवाल्याच्या पॅकेजात ड्रोन आहे. अश्विनी म्हणाली, "पप्पा, ड्रोनला काय दिसणार? मंडपाचं कापड." ड्रोन गेला. घोडाही गेला, नवरदेव मामाच्या जीपमधून येतील. डीजेऐवजी गावचा बँड. हॉल नाहीच, शाळेच्या मैदानावर मंडप. तो आबा ठरवतील. (माझे थोरले भाऊ. गावची शेती तेच बघतात.)
सौ.ला दारातली कमान खऱ्या फुलांची हवी. कमान यादीत राहिली.

१५ मार्च, रविवार
राजूशेठकडे आज शहरात एक लग्न होतं. "बघायचंय ना, या," म्हणाले होते. पिशवीत लटकता काटा टाकला तेव्हा सौ. म्हणाली, "लग्नाला निघालात की कामावर?"
पंगत नाही, उभ्याने जेवण. मी मागे उष्टी ताटं येतात तिथे जाऊन उभा राहिलो. ताटं धुणारी बाई आधी हसली. मग तिलाही गंमत वाटली असावी, तिनेच वेगवेगळ्या बादल्या लावून दिल्या. यात नूडल्स, यात पनीर, यात गोड, यात वरण-भात.
नूडल्सची बादली सगळ्यात जड. मग पनीर. दोन्ही मिळून चौतीस किलो, आणि लोक अजून जेवत होते. गुलाबजाम अर्धे चावून ठेवलेले. वरण-भाताच्या बादलीचा तळ दिसत होता.
बाईला विचारलं, रोज असंच?
"रोजचंच, दादा. लोक बघून घेतात. भुकेने कुठे घेतात?"
घरी आल्यावर देवासमोर बसलो, पण मन बादल्यांपाशीच. अन्न वाया जातं याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त नवल. इतक्या लोकांना नको असलेली गोष्ट इतके लोक ताटात घेतात कशी? मीही आजवर घेतच आलोय की.

१६ मार्च, सोमवार
राजूशेठला फोन. म्हटलं नूडल्स, पनीर, चाट काढा. म्हणाले, "काढतो, पण दर तोच राहील. माझी माणसं तितकीच येणार, गाडी तितकीच येणार." म्हणजे पदार्थ कमी करून काही वाचत नाही. वाचतं ते फक्त ताटांत. त्यांनीच सुचवलं, गावात घरटी एक सांगा, आता सगळे तसंच करतात.
खरं आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत गावातल्या सगळ्या लग्नांची आमंत्रणं मला घरटी एकच आलीत. कोणाला राग आलेला ऐकला नाही.
आबांना कळवलं. म्हणाले, "तुन्ही आंडेर, तू सांग." मुलगी तुझी, तू ठरव. त्यात होकार होता की नव्हता, अजून कळलेलं नाही.

५ एप्रिल, रविवार
गावी जाऊन आबांबरोबर आमंत्रणं केली. मनस्ताप.
पहिली पत्रिका मारुतीला. मग गल्ली. सुरुवात गोदाअक्काच्या दारापासून करायची, ही वडिलांच्या वेळची पद्धत. अक्का पंच्याहत्तरीच्या पुढे. ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होती. मी अक्षता हातावर ठेवल्या. तिने मूठ मिटली, माझ्याकडे पाहिलं.
"चूलबंद शे का घरटी एक, भाऊ?"
येताना बसमध्ये घरटी एक, घरटी एक असं मनात म्हणत आलो होतो. आणि तोंडातून गेलं, "चूलबंद, अक्का."
आबांनी माझ्याकडे पाहिलं. अक्का आत तोंड करून सुनेला म्हणाली, "बठ्ठा जावानं शे वं." सगळ्यांनी जायचंय.
एका दारात एक आणि दुसऱ्या दारात दुसरं, असं गल्लीत चालत नाही. भिंतीला भिंत आहे. अर्ध्या तासात सगळीकडे कळतं आणि मग ते पिढीभर लक्षात राहतं. बेचाळीस दारं. बेचाळीस वेळा चूलबंद म्हणालो. प्रत्येक वेळी जरा जास्त मोठ्याने, हे आबांनी नंतर सांगितलं.
तीनशे ताटांत आता काही बसत नाही.

६ एप्रिल, सोमवार
सौ.ला भीत भीत सांगितलं. ती हसली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "घरटी एक असलं की कोण जातं ते माहीत आहे ना? बाप्या माणूस. आम्ही घरी भाकरी थापतो."
सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. या पाच-सहा वर्षांत मी घरटी एक म्हणून जेवून आलो, तेव्हा ही घरी काय जेवली ते एकदाही विचारलं नाही.
आबांना फोन करून चौकशी केली. अक्काकडून प्रत्येक लग्नाला तिचा मुलगा जातो. अक्का, सून, नाती घरीच. आबा म्हणाले, केटरर आल्यापासून गल्लीतल्या बायका एका मांडवात बसल्याच नाहीत.
आणि पूर्वी त्याच बायका आदल्या दिवशी गहू-मक्याच्या बट्ट्या वळायला जमायच्या. माझ्या लग्नात अक्का पुढे होती. वळायच्या, उकडायच्या, कापून तळायच्या. वांग्याची भाजी घोटायला पुरुष. वरण दोन मोठ्या पातेल्यांत. वाढायलाही गल्लीच.
ते बोलावणंही वेगळंच असायचं. बट्ट्यांचं काम तोंडाने कोणाला सांगायचं नाही. लग्नघरची परात जाणत्या बाईच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. तिने ती घरात नेली की झालं, पुढचं सगळं ती बघते. परात ओट्यावरच राहिली तर आपण समजून घ्यायचं आणि अंधार पडल्यावर उचलून आणायची. विचारायचं नाही. आमच्याकडची परात कधी ओट्यावर राहिली नव्हती, असं आई सांगायची.

९ एप्रिल, गुरुवार
अश्विनी ड्यूटीवर जाताना चपला घालत म्हणाली, "पप्पा, नाशिकचं पुढच्या वर्षी बघू. घाई नाही." अगदी सहज आवाजात. तो सहजपणा तिने तयार करून आणला होता, हे मला कळलं.
काट्यावर आज दोनदा आकडा चुकला. हंगाम संपत आलाय, गाड्या कमी, तरी चुकला.
दुपारी आबांना विचारलं, गावातच रांधलं तर? म्हणाले, गहू, मका, तूरडाळ घरची. वांगी शेजारच्या मळ्यातून. तूप, तेल, गूळ, मसाला तेवढा विकत. गल्ली चूलबंद आणि वऱ्हाड, सगळं धरूनही खर्च राजूशेठच्या निम्म्यानेही येणार नाही. मग म्हणाले, पण वळी कोन? वळणार कोण?
खरा प्रश्न तोच. जुन्या बायका थकल्या. नव्या सुनांनी चार माणसांच्या बट्ट्या केल्यात, चारशेंच्या नाही. ऐन दिवशी हात कमी पडले तर व्याह्यांसमोर पानं रिकामी.

११ एप्रिल, शनिवार
मुक्ताईनगरला व्याह्यांकडे. आधी मुक्ताबाईच्या देवळात जाऊन बसलो. मागितलं काही नाही. मागण्याएवढं मलाच अजून स्पष्ट नव्हतं. थोडा वेळ नुसतं येणारे-जाणारे पाहिले. बरं वाटलं.
व्याह्यांची केळीची बाग. बांधावरच बोललो, सरळ. कदाचित केटरर नसेल. वरण, बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. गावातलीच माणसं रांधतील, रांधली तर.
त्यांनी केळीचं एक वाळकं पान ओढून काढलं. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "लग्नाला जायचं म्हटलं की आमचे लोक आधी विचारतात, बट्टी आहे का? आणि नसते. पानं आमची. गाडी भरून पाठवतो."
हायसं वाटलं. घरी चहाला गेलो तेव्हा विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारातून शांतपणे म्हणाल्या, "आणि बट्ट्या कमी पडल्या तर?"

१२ एप्रिल, रविवार
सकाळी पुन्हा साडेसातला राजूशेठकडे. नाही म्हणून सांगितलं. इसार सोडला. ते रागावले नाहीत, तेच जड गेलं. म्हणाले, "काका, गावातले हात आता मोबाइल धरतात, पीठ नाही. तारीख मी चार दिवस दुसऱ्याला देत नाही. नुसता फोन करा." मी बरं म्हणालो.
तिथून सौ.ला घेऊन बस. आबांनी माळ्यावरून आईची परात काढून ठेवली होती. पितळी, दोन हातांच्या कवेत न मावणारी. काठाला एक पोचा. सौ.ने चिंच लावून घासली. आबांना म्हटलं तुम्ही चला, तर म्हणाले, "तू बोलना शेस ना? तूच जाय." चूलबंद बोललास तू, मग तूच जा.
अक्का ओट्यावरच होती. मी परात तिच्यासमोर ठेवली. सौ.ने तिला हळद-कुंकू लावलं. अक्काने काठावरून बोट फिरवलं, पोच्यापाशी थांबवलं.
"तुन्ही मायनी परात शे ही."
"हो, अक्का."
"आते मन्हा हात कामना नहीत रे, भाऊ."
यावर बोलायचं नसतं. दारात तिची सून उभी होती, पदराला हात पुसत. ती परातीकडे बघत होती, आमच्याकडे नाही. आम्ही उठलो.
वळणावर सौ.ने मागे पाहिलं. मी नाही पाहिलं. तिने काय पाहिलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. अंधार पडायला अजून चार तास होते आणि आमची बस सव्वातीनची. परत आणायची वेळ आली तर ती आबांनाच आणावी लागेल.
फाट्यावर बस समोर दिसत असताना मोबाइल काढला आणि राजूशेठचा नंबर काढून टाकला.