सात मजल्यांचा जिना

४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,
धाकट्याचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिलो. माझा स्वभाव तुला काय सांगायचा! आबांच्या जागेवर इमारतीची लिफ्ट सांभाळायला लागल्यापासून मालक खूश आहेत, कारण मी कुणाला त्रास देत नाही. महिन्याची तपासणी तेवढी राहिलीय. वर यंत्राच्या खोलीत जीव उकडून निघतो, त्यात माझा गुडघा कुरकुरतोय. बघू पुढच्या आठवड्यात.

चिमणी शाळेत रमली. रोज माझं बोट धरून सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरते, जिन्यानेच चढते. तुझी भावजय चिडवते, लिफ्टवाल्याची पोर आणि जिना! मी म्हटलं, तेवढाच व्यायाम.

तुझ्या प्रार्थनेत आम्हा तिघांना जागा असू दे.
तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. अरे, उशाशी ठेवलेला तांब्यासुद्धा दुसऱ्याने हातात द्यावा म्हणणारा तू! मुंगीकडे बघून काही शीक असं आबा म्हणाले, की मुंगी शोधतो म्हणून मागच्या दारी जाऊन झोपायचास. आणि आता दुखऱ्या गुडघ्याने सात मजले चढतोस? लेकरालाही चढवतोस? खरं सांग, लिफ्टमध्ये काय ऐकलंस?

आबांबरोबर मीही वर जायचे. रिकामी लिफ्ट हळू चालवून ते तिच्या पोलादी दोरांवर फडकं धरायचे. फडकं अडकलं की समजायचं, दोरातली तार तुटली. तू फडकं धरलंच नाहीस ना? अडकेल म्हणून? पवित्र शास्त्रातला आळशी म्हणतो, बाहेर सिंह आहे, मी घराबाहेर पडत नाही. किती हसायचो आपण त्याला! तू त्याच्याही वरताण निघालास. त्याचा सिंह तरी खोटा होता. तुझा खरा आहे, हे तुला ठाऊक आहे. स्वतःची पोर तेवढी वाचवलीस आणि बाकीच्यांना काही बोलला नाहीस.

हे वाचशील तसा ऊठ. मला फार भीती वाटतेय रे.

देव तुला सुबुद्धी देवो.
अक्का

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं उत्तर नाही. दाराची कडी वाजली की पोस्टमन समजून धावते. दोन ओळी तरी टाक. वाईट असेल तर तेही कळव.
अक्का

२१ फेब्रुवारी

प्रिय अक्का,
सलाम वि. वि.

खोटं कशाला बोलू? लिफ्ट वर जाताना करकरायची, ते ऐकूनच मी जिना धरला. तू काय लिहिलं असशील ते तुझं अक्षर बघूनच कळलं, म्हणून पत्र न फोडता खिशात घेऊन फिरलो. आज सकाळी जिन्यात फोडलं आणि धावत सुटलो. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई कडेवर बाळ घेऊन लिफ्टमध्ये पाय टाकत होत्या. मी दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. चार माणसांत त्यांनी मला नाही नाही ते ऐकवलं.

मग सगळ्या मजल्यांवर लिफ्ट बंदची पाटी लावली आणि फडकं घेऊन वर गेलो. दोर जेमतेम सरकला असेल, फडकं हिसका बसून हातातूनच गेलं. एक नाही, दोन दोरांच्या तारा झाडूसारख्या पिंजारल्या होत्या, अक्का. नंतर मालकांना सगळं सांगितलं, तपासणी टाळत होतो हेसुद्धा. नोकरी बहुतेक जाणार.

संध्याकाळी बाई बाजारातून आल्या. बाळ कडेवर, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या तरी द्या म्हटलं. त्यांनी तोंड फिरवून दिल्या. मी मागून चढत होतो. त्यांच्या खांद्यावरून ते बाळ तिन्ही मजले माझ्याकडे बघून हसत होतं. मला वर बघवेना गं.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझाच,
धाकटा